विरोधी बाजूचे अडीचशे शब्द

"आईला नेमकं काय हवंय, तेच मला कळत नाहीये," काउंटरच्या काचेपलीकडची बाई इंग्रजीत म्हणाली. "काल हे पत्रक दारातून आत पडलं, तेव्हापासून हातात धरून बसलीय. बिनच्या कलेक्शनचं काही आहे का? असेल तर मला सांगा, मी बघते."

निवेदितानं पत्रक पाहिलं. ते कचऱ्याचं नव्हतं. ब्रुकहॅमच्या लिडोच्या, म्हणजे उघड्यावरच्या पोहण्याच्या तलावाच्या जागी घरं बांधायची की नाही, यावर गावात मतदान होणार होतं, त्याचं ते पत्रक होतं. निवेदितानंच ते छापायला पाठवलं होतं. कौन्सिलच्या निवडणूक विभागात ती आणि तिचा साहेब ग्रॅहम अशी दोनच माणसं होती. त्यामुळे पत्रकापासून मतपेटीच्या कुलुपापर्यंत सगळं तिच्याच हातून जायचं.

"हे लिडोच्या मतदानाचं आहे," तिनं सांगितलं.

"लिडो?" बाई गोंधळली. "सॉरी, मी हॅनाह. मी ग्लासगोला राहते, इथलं मला काही माहीत नाही. आईला मार्चमध्ये स्ट्रोक झाला. तेव्हापासून तिचं इंग्रजी गेलंय. जन्मभर हॉस्पिटलात सिस्टर होती, आमच्याशी कायम इंग्रजीतच बोलली. आता तिची लहानपणची भाषा तेवढी उरलीय. आणि मला त्यातलं 'पाणी' आणि 'बस' एवढंच येतं."

तिच्या शेजारी काठी धरून उभी असलेली म्हातारी काचेच्या फटीशी वाकली. उजवा हात कुणीतरी विसरून गेल्यासारखा कोटाच्या बाजूला लोंबत होता. एकेक शब्द पारखून घेत ती म्हणाली, "तळं बुजवू नका म्हणावं. माझं... माझं लिहून घ्या."

निवेदिताला वाटलं, आपल्याला भास झाला.

"मावशी, तुम्ही मराठी?"

म्हातारीनं मान वर केली. तिचे डोळे घारे होते आणि आत्ता एकदम भरून आले होते. "कुणाची गो तू?"

"नागपूरची. निवेदिता."

"मी किहीमची. अलिबागच्या बाजूची. सिप्पोरा किहीमकर." आणि मग काचेवर डावा तळवा ठेवून, "बोल गो. काहीतरी बोल. कुणी बोलत नाही माझ्याशी."

हॅनाह आळीपाळीनं दोघींकडे पाहत राहिली. तिनं हळूच विचारलं, "तुम्हाला समजतंय?"

निवेदिताला समजत होतं. तिनं मान हलवली. दोन वर्षांपूर्वी नागपूरला तिची आई गेली. तोवर दर रविवारी फोनवर "जेवलीस का गं?" ऐकू यायचं. आता भावाचे मेसेज यायचे, तेही इंग्रजीत. नवरा, वरद, मराठीच होता, पण मुलाच्या, कबीरच्या, शाळेतल्या बाईंनी घरी इंग्रजी बोला म्हटल्यापासून त्यानं जी सवय लावून घेतली, ती सुटली नव्हती. तिला 'अगं' म्हणणारं माणूस जगात उरलं नव्हतं.

"मावशी, बसा तुम्ही," ती म्हणाली. "मी नियम सांगते."

नियम तसे सोपे होते. मतदानाआधी घरोघरी एक पुस्तिका जाणार होती. एका पानावर बाजूनं, समोरच्या पानावर विरोधात. प्रत्येकी अडीचशे शब्द, इंग्रजीत. लिहिणारा गावचा मतदार पाहिजे. कुणावर व्यक्तिगत टीका नको. स्वतः लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घेता येईल, मात्र त्यानं 'हे यांचंच म्हणणं आहे' अशी सही करायची. कौन्सिलच्या माणसांनी कुठल्याही बाजूला एका शब्दाचीही मदत करायची नाही. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत.

घरांच्या बाजूचं म्हणणं सोमवारीच आलं होतं. विरोधी बाजूचं एकही आलं नव्हतं. गावभर खिडक्यांत 'लिडो वाचवा' असे फलक लागले होते, पण पोहण्याचा क्लब बंद पडून बराच काळ झाला होता आणि लिहिण्याचं काम दुसरं कुणीतरी करेल असं प्रत्येकाला वाटत होतं. शुक्रवारपर्यंत कुणीच आलं नाही तर ते पान कोरं जाणार होतं.

हे सगळं निवेदितानं हॅनाहला इंग्रजीत सांगितलं आणि सिप्पोराबाईंना मराठीत. मराठीत सांगायला जरा जास्त वेळ लागला. तिनं तो लागू दिला.

"मग तूच लिही," सिप्पोराबाई म्हणाल्या. "तुला येतं."

त्या दुपारी ती ग्रॅहमकडे गेली. ग्रॅहमनं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. चहाचा मग बाजूला ठेवून तो म्हणाला, "निवेदिता, आपण अंपायर आहोत. अंपायरला एखादा बॅट्समन कितीही आवडला तरी त्याचं पॅड बांधून द्यायचं नसतं. उद्या हरलेली बाजू म्हणेल, कौन्सिलच्या बाईनंच दुसऱ्या बाजूचं लिहिलं. ते त्या म्हातारीच्या मागे लागतील."

"पण पान कोरं गेलं तर?"

"तर कोरं जाईल. तिची भाषा कुठली ते तिच्या मुलीला सांगायला हरकत नाही. आणि हे बघ, मतदान होईपर्यंत त्यांच्याकडे चहालाही जाऊ नको. नंतर रोज जा."

त्याचं बरोबर होतं, हेच तिला जड गेलं. तिनं हॅनाहला फोन करून एवढंच सांगितलं, की भाषेचं नाव मराठी, आणि लिहून घेणारं माणूस तुमचं तुम्हालाच शोधावं लागेल. मागून सिप्पोराबाईंचा आवाज येत होता: "ती आहे का गो? दे माझ्याकडे." निवेदितानं घाईघाईनं फोन ठेवला आणि कितीतरी वेळ दुसरं काम हातात घेतलं नाही.

शुक्रवारी दुपारी हॅनाह आईला घेऊन आली, आणि त्यांच्यामागून लॅपटॉपची बॅग खांद्याला लावलेला एक तरुण. हॅनाहनं गावच्या फेसबुक ग्रुपवर 'मराठी येणारं कुणी आहे का' असं विचारलं होतं आणि त्या एकट्याचंच उत्तर आलं होतं.

निवेदितानं त्याला लगेच ओळखलं. परीक्षित. मूळचा पुण्याचा, इथं सॉफ्टवेअरमध्ये. घरांच्या बाजूचं म्हणणं सोमवारी आणून देणारा तोच. बायको गरोदर होती, भाड्याच्या खोलीच्या भिंतींवर बुरशी चढत होती. तलावाच्या जागी होणाऱ्या घरांपैकी निम्मी स्थानिक भाडेकरूंना मिळायची होती. त्यानं ते चांगलं लिहिलं होतं, खरं लिहिलं होतं. पण मुदत संपेपर्यंत कुणी काय दिलं हे गुप्त ठेवायचं, असाही नियम होता. हॅनाहला सावध करणं निवेदिताला शक्य नव्हतं. तिनं काचेतून त्याच्याकडे नुसतं रोखून पाहिलं.

परीक्षितनं ते पाहिलं. प्रतीक्षेच्या खुर्च्यांवर सगळे बसले, तसा तो आधी सिप्पोराबाईंकडे वळला.

"आजी, लिहायच्या आधी एक सांगतो. मी दुसऱ्या बाजूचा आहे. बायकोला बाळ होणार आहे, आम्हाला घर हवंय, म्हणून घरांच्या बाजूचं मीच लिहून दिलंय. तुम्हाला नको असेल तर मी उठतो."

तेच त्यानं हॅनाहला इंग्रजीत सांगितलं. हॅनाहचा चेहरा पडला. सिप्पोराबाईंनी मात्र त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लिहिता येतं ना?"

"हो."

"मी सांगीन तेच लिहिशील?"

"तेच लिहीन."

"मग बस. उभा काय राहिलास?"

आणि त्या बोलू लागल्या. अडखळत, मधेच शब्द हरवून, तो सापडेपर्यंत डावी मूठ मांडीवर आपटत. निवेदिता काचेमागे मतदारयादीवर खुणा करत होती. तिला ऐकू येत होतं ते सगळं.

"लिही. मी घरांच्या विरुद्ध नाही. आम्ही आलो तेव्हा आम्हाला कुणी खोली देत नव्हतं. घर नसलं की काय होतं, मला ठाऊक आहे... घरं बांधा. दुसरीकडे बांधा. बसडेपोची जागा पडून आहे."

परीक्षितची बोटं चालत होती.

"मी समुद्राजवळची. पण समुद्रात कधी गेले नाही. पोरींनी घोट्यापर्यंत जायचं, बस. पन्नाशीला आले तेव्हा या तळ्यात पोहायला शिकले. इथं कुणी विचारलं नाही, तू कुठली, तुझा देव कुठला. पाण्यात सगळ्यांची डोकीच तेवढी दिसतात." स्वतःच हसल्या. "हाईम काठावर बसायचा. माझा नवरा. त्याला पाण्याची भीती. हिवाळ्यातसुद्धा टॉवेल घेऊन बसायचा, मी वर येईपर्यंत उठायचा म्हणून नाही. तिथंच बसला असताना गेला तो. टॉवेल मांडीवर होता."

परीक्षित थांबला. हॅनाहनं विचारलं, "काय म्हणाली ती?" त्यानं सांगितलं. हॅनाह आईकडे बघत राहिली. बाबा लिडोवर गेले एवढंच तिला माहीत होतं. टॉवेलचं तिला माहीत नव्हतं.

"आई," ती म्हणाली आणि तिला पुढचं मराठीत म्हणायचं होतं, पण आलं नाही. "आई... पाणी?"

"नको गो," सिप्पोराबाई म्हणाल्या आणि तिचा हात धरून ठेवून पुढं बोलू लागल्या. "आता माझी ही बाजू गेली. जमिनीवर मला दोघांनी धरावं लागतं. पाण्यात कुणी धरत नाही. पाण्यात हा हात आपोआप वर येतो. बस. आणि शेवटी लिही, तळं आपलं आहे."

परीक्षितनं वाचून दाखवलं, इंग्रजीत आणि मग मराठीत. शेवटच्या वाक्यापाशी तो अडला.

"आजी, मी 'तळं आमचं आहे' असं केलंय. म्हणजे इंग्रजीत तसंच होतं ते."

"आमचं नाही रे. आपलं."

"हो, पण इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे."

"एक कसा असेल? आमचं म्हटलं की तू बाहेर राहिलास. आपलं म्हटलं की तूसुद्धा आत आलास. तुझी बायको, ते बाळ, सगळे आले."

परीक्षितनं काचेकडे पाहिलं. निवेदितानं मान खाली घातली. तिला इंग्रजीतली तीन वेगवेगळी वाक्यं सुचली होती. तिनं पेन्सिल इतकी घट्ट धरली होती, की बोट पांढरं पडलं. ग्रॅहमचं दार उघडं होतं.

ती ओळ खोडून परीक्षित म्हणाला, "असं करतो. 'ते आमचं आहे, आणि घरांच्या बाजूनं मत देणाऱ्या तुमचंही तितकंच आहे.' चालेल?"

"ते बरोबर."

"पण आता शब्द जास्त झाले. अडीचशेच्या वर छापत नाहीत. काहीतरी काढावं लागेल. मी काढू शकत नाही, तुम्हीच सांगायला पाहिजे."

त्यानं एकेक वाक्य परत वाचलं. बसडेपो राहिला पाहिजे होता. हात वर येतो ते राहिलं पाहिजे होतं. सिप्पोराबाईंनी डोळे मिटून ऐकलं.

"हाईमला काढ," त्या म्हणाल्या.

"आजी, ते सगळ्यात चांगलं आहे."

"तो कुठं मत द्यायला येणार आहे? काढ त्याला. टॉवेल पण काढ."

परीक्षितनं वाक्यं खोडली. शब्द मोजले, बसले. मजकूर कागदावर उतरवून घेतला. सिप्पोराबाईंनी डाव्या हातानं सही केली, लहान मुलाच्या अक्षरासारखी, वाकडी. परीक्षितनं खाली सही केली, की हे यांचंच म्हणणं आहे आणि यात माझं काही नाही. कागद काचेच्या फटीतून आत आला. निवेदितानं त्यावर शिक्का मारला. पावती देताना तिला फार काही बोलायचं होतं.

"मिळालं, मावशी. वेळेत मिळालं."

"घरी कधी येतेस?"

"मतदान झालं की येते. आधी येता येत नाही मला."

"का गो? भांडण झालंय?"

"नाही, नोकरीचा नियम आहे."

"नोकरीचा असेल तर पाळ," सिप्पोराबाई म्हणाल्या. त्यांनीही जन्मभर वॉर्डातले नियम पाळले होते. "पण ये. खूप बोलायचंय. मला अर्धे शब्द आठवत नाहीत, तू आलीस की आठवतील."

पुस्तिका छापून घरोघर गेली. दोन पानं समोरासमोर. लोकांनी वाचली, बस स्टॉपवर, पबमध्ये, शाळेच्या फाटकाशी त्यावर बोलले. पाण्यात हात वर येणाऱ्या बाई कोण, असं काहींनी कौन्सिलला फोन करूनही विचारलं. निवेदिता सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, की ते सांगता येणार नाही.

ते आठवडे तिला लांबलचक गेले. सिप्पोराबाईंचा पत्ता मतदारयादीत होता, तिच्या बसच्या रस्त्यावरच. तो रस्ता आला की ती खिडकीकडे सरकायची. तांबड्या विटांची घरं, एका दाराच्या चौकटीवर तिरकी लावलेली मेझुझा, ज्यू घरांच्या दारावर असते ती प्रार्थनेची डबी. एकदा वरच्या खिडकीत दिवा दिसला. बाई आत्ता काय करत असतील, कुणाशी बोलत असतील, या विचारानं तिला उतरावंसं वाटलं. उतरली नाही. संध्याकाळी भांडी घासताना मनातल्या मनात ती बाईंशी बोलायची. आईच्या आजारपणात व्हिसाचे कागद अडकले आणि जाता आलं नाही, हे तिनं वरदलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. ते आधी सांगायचं, की आधी नागपूरच्या उन्हाळ्यातल्या गच्चीचं सांगायचं, हे ती ठरवत राहायची. वरदनं एकदा विचारलं, "हसतेयस कशाला?" तिनं म्हटलं, "काही नाही."

मतदान झालं. मोजणी क्रीडागृहात झाली. घरांची बाजू जिंकली, थोड्या फरकानं, पण जिंकली. ग्रॅहमनं आकडे वाचले. परीक्षित मागच्या भिंतीला टेकून उभा होता. टाळ्या झाल्या तेव्हा त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. जाताना टेबलापाशी थांबून तो निवेदिताला म्हणाला, "मी मत नाही बदललं हं. घर मला हवंच होतं."

"माहीत आहे."

"आजींना भेटाल तेव्हा सांगा. किंवा नका सांगू."

पुढच्या रविवारी ती पहाटे उठली आणि पुडाच्या वड्या केल्या. आईसारख्या. सारणात कोथिंबीर दाबून भरली, पहिल्या दोन फुटल्या, बाकीच्या जमल्या. डबा घेऊन ती बसमध्ये बसली तेव्हा तिला इतकं हलकं वाटत होतं, की बाजूच्या अनोळखी माणसाकडे बघूनही ती हसली.

दार हॅनाहनं उघडलं. तिचा चेहरा उजळलेला होता. "या, या! तुम्हाला सांगायचंच होतं. आई, बघ कोण आलंय!"

सिप्पोराबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. केस विंचरलेले, गळ्यात मोत्यांची माळ. निवेदिताला पाहून त्यांनी डावा हात पुढे केला.

"कम इन, लव्ह, कम इन," त्या म्हणाल्या. "यू मस्ट बी फ्रोझन."

निवेदिता उभीच राहिली.

"परत आलं!" हॅनाह म्हणाली. "मागच्या आठवड्यात सकाळी अचानक म्हणाली, हॅनाह, तो नळ बंद कर. इंग्रजीत! मी तिथंच खाली बसून रडले. स्पीच थेरपिस्ट म्हणते, असं होतं कधीकधी. एक भाषा येते, दुसरी मागं जाते. मी इतके महिने तिच्या शेजारी बसून तिला ओळखत नव्हते हो. आता बोलतोय आम्ही. सारखं बोलतोय."

"किती छान झालं," निवेदिता म्हणाली, आणि ते तिला खरंच वाटलं. मग ती खुर्चीशी वाकून म्हणाली, "मावशी, मी आले. म्हटलं होतं ना, येते म्हणून."

सिप्पोराबाईंनी लक्ष देऊन ऐकलं. जुन्या ओळखीचं माणूस दिसावं पण नाव आठवू नये, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. ओठ हलले. डावी मूठ मांडीवर एकदा आपटली. मग त्यांनी हसून निवेदिताच्या गालावर थोपटलं आणि इंग्रजीत विचारलं, की तुला चहात दूध लागतं का.

चहा झाला. वड्या त्यांना आवडल्या. नाव काय म्हणून त्यांनी विचारलं, निवेदितानं सांगितलं, त्यांनी ते पुन्हा म्हणायचा प्रयत्न केला आणि मधेच सोडून दिला. हॅनाह म्हणाली, महिन्याअखेरीस आईला ग्लासगोला नेतेय, तिथं समुद्र जवळ आहे. सिप्पोराबाईंनी तिला मधेच थांबवून ती लहानपणी किती हट्टी होती याची गोष्ट सांगितली. दोघी खूप हसल्या. निवेदिताही हसली.

नंतर हॅनाहचा फोन वाजला, घर आवरणाऱ्या माणसाचा, आणि ती बोलत बोलत जिन्यावर गेली. सिप्पोराबाईंचा डोळा लागला होता. दुपारचं पांढरट ऊन त्यांच्या गुडघ्यांवर आलं होतं. घसरलेली शाल निवेदितानं वर ओढली आणि शेजारच्या स्टुलावर बसली.

मग हळूच म्हणाली, "कबीरचा दात पडला काल. समोरचा. उशीखाली ठेवलाय, परी येते म्हणे इथली. वरदला खोकला आहे, डॉक्टरकडे जा म्हटलं तर ऐकत नाही. वड्या जरा तिखट झाल्या का? पहिल्या दोन फुटल्या, पाणी जास्त झालं पिठात. तू असतीस तर ओरडली असतीस. मी बरी आहे. जेवते वेळेवर."

जिन्यावर पावलं वाजली. हॅनाह आत आली आणि आवाज लहान करून तिनं विचारलं, "काही म्हणाली का ती?"

"नाही," निवेदिता म्हणाली. तिनं कोट घेतला. "मीच बोलत होते."